म्यूजच्या खोऱ्यातील गावे: कडे, किल्ले आणि पितळ

बेल्जियम हा देश बहुतेक मराठी वाचकांना ब्रुसेल्समधील युरोपीय संस्थांमुळे, अँटवर्पच्या हिरेबाजारामुळे किंवा ब्रूजच्या कालव्यांमुळे परिचित असतो, आणि ही तिन्ही शहरे सखल प्रदेशात असल्याने सगळा देशच सपाट असावा असा समज सहज होतो. देशाच्या दक्षिणेकडील, फ्रेंच भाषा बोलणाऱ्या वालोनिया प्रांतात गेल्यावर मात्र हा समज टिकत नाही, कारण तेथे म्यूज नदीने चुनखडीचे डोंगर कापून अरुंद आणि खोल खोरे तयार केले आहे. फ्रान्समधील लांग्रच्या पठारावर उगम पावून सुमारे 950 किलोमीटरचा प्रवास करीत नेदरलँड्समार्गे उत्तर समुद्राकडे जाणारी ही नदी बेल्जियममध्ये शिरते तेव्हा उत्तरेकडे वाहत असते. नामुर येथे पश्चिमेकडून आलेली सांब्र नदी तिला मिळते आणि तेथून ती पूर्वेकडे वळून उई व लिएज या शहरांकडे जाते. काटकोनात वळलेल्या या पट्ट्यात दिनां, बुव्हीन्य, नामुर, आंदेन आणि उई ही गावे वसली आहेत. त्यांचा इतिहास गावांच्या आकाराच्या मानाने फार मोठा आणि बराचसा रक्तरंजित आहे.

त्या इतिहासाची सुरुवात खडकापासून करावी लागते. सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांच्या व इतर सागरी जीवांच्या अवशेषांतून आजचा चुनखडीचा खडक तयार झाला. या थरांचा अभ्यास इतक्या लवकर आणि इतक्या बारकाईने झाला की भूशास्त्राच्या कालगणनेतच या परिसरातील गावांची नावे रूढ झाली: दिनांवरून ‘दिनांशियन’, नामुरवरून ‘नामुरियन’ आणि लिएजच्या पुढे नदीकाठी असलेल्या वीझे या छोट्या गावावरून ‘व्हिझियन’. यांपैकी शेवटची संज्ञा आजही जगभर मान्य आहे, त्यामुळे वीझे कोठे आहे हे ठाऊक नसलेले चीनमधील किंवा कॅनडातील भूशास्त्रज्ञही त्या गावाचे नाव रोजच्या कामात वापरतात. चुनखडीत गुहा सहज तयार होतात आणि त्या गुहांनी माणसाचा फार जुना पुरावा जपून ठेवला. फिलिप-शार्ल श्मेरलिंग या वैद्याला 1829-30 च्या सुमारास उई आणि लिएज यांच्या दरम्यान असलेल्या आंजी येथील गुहेत एका लहान मुलाची कवटी सापडली. ज्या जर्मन दरीवरून निअँडरथल मानवाला त्याचे नाव मिळाले तेथील अवशेष 1856 मध्ये हाती आले, म्हणजे आंजीची कवटी त्याआधी पाव शतक उजेडात आली होती. परंतु ती त्याच मानवजातीची आहे हे 1936 पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. तसे नसते तर त्या मानवाला आज कदाचित एखाद्या बेल्जियन गावाचे नाव असते.

नदीकाठी थेट पाण्यात उतरणारे कडे असले की त्यांच्या माथ्यावरून खालची सगळी वाहतूक अडवता येते, आणि मध्ययुगात ही सोय साधण्यासाठी दोन सत्ता समोरासमोर उभ्या होत्या. एक होती लिएजच्या राजबिशपांची, म्हणजे बिशप या धर्मपदाबरोबरच प्रदेशावर राजाप्रमाणे अधिकार चालवणाऱ्या धर्मगुरूंची. दुसरी होती नामुरच्या काउंटची, आणि हा मुलूख पंधराव्या शतकात बर्गंडीच्या प्रबळ ड्यूकांनी पैसे मोजून विकत घेतला. दिनां व उई ही गावे राजबिशपांकडे, तर त्यांच्यामधले नामुर आणि दिनांच्या अगदी जवळचे बुव्हीन्य काउंटकडे, अशी सरमिसळ असल्यामुळे या खोऱ्यात सीमा कधीच फार दूर नव्हती.

नामुरला या सीमेचे सर्वांत मोठे ओझे वाहावे लागले. दोन नद्यांच्या संगमावर पुढे आलेल्या डोंगराच्या सोंडेवर पसरलेला तेथील बालेकिल्ला युरोपातील मोठ्या किल्ल्यांपैकी एक आहे आणि त्याच्या पोटात सुमारे सात किलोमीटर लांबीचे भुयारी मार्ग आहेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई 1692 मध्ये स्वतः सैन्य घेऊन येथे आला, तेव्हा वेढ्याची आखणी व्होबां या विख्यात दुर्गतज्ज्ञाकडे होती आणि किल्ल्याच्या आत बचावाला उभा असलेला डच अभियंता कूहॉर्न हा त्याच्याच तोलामोलाचा होता. किल्ला सुमारे पाच आठवड्यांत पडला; पण तीन वर्षांनी, 1695 मध्ये, इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याने तो परत घेतला. फ्रेंच कवी ब्वालो याने पहिल्या विजयावर स्तुतिकाव्य लिहिले आणि दुसऱ्या वेढ्यानंतर इंग्रज कवी मॅथ्यू प्रायर याने त्याचे विडंबन करून उट्टे काढले. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ या कादंबरीतील टोबीकाका याच दुसऱ्या वेढ्यात जखमी झालेले असतात, आणि पुढचे सारे आयुष्य ते बागेत वेढ्यांच्या प्रतिकृती मांडण्यात घालवतात. किल्ल्यांच्या इतिहासात रमून जाणाऱ्या माणसाची इतकी प्रेमळ थट्टा क्वचितच कोणी केली असेल.

आज दिसणारे नामुरच्या किल्ल्याचे रूप मात्र प्रामुख्याने व्होबांचे नाही. नेपोलियनच्या पराभवानंतर 1815 मध्ये हा प्रदेश नेदरलँड्सच्या राज्याला जोडला गेला, आणि फ्रान्सने पुन्हा डोके वर काढू नये म्हणून डचांनी नामुर, दिनां व उई या तिन्ही ठिकाणी जुन्या दुर्गांच्या जागी नवी बांधकामे केली. बेल्जियम 1830 मध्ये स्वतंत्र झाल्यावर या किल्ल्यांचे मूळ प्रयोजनच संपले. म्हणून पर्यटकांना मध्ययुगीन वाटणाऱ्या या तटबंद्या प्रत्यक्षात दोनशे वर्षांच्या आसपासच्या आहेत. या खोऱ्यात प्राचीन असते ती बहुधा जागा. तिच्यावरची इमारत दुसरी, तिसरी किंवा चौथी असते, हे लक्षात ठेवले तर येथील स्थळे नीट समजतात.

नामुर आता वालोनिया प्रांताची राजधानी आहे, परंतु तेथील खरी नागरी अस्मिता सरकारी कचेऱ्यांपेक्षा उंच काठ्यांवर चालणाऱ्या मंडळींत दिसते. लाकडी काठ्यांवर उभे राहून दोन तटांनी एकमेकांना पाडायचे, हा खेळ येथे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आला आहे. पिवळ्या-काळ्या वेशातील ‘मेलां’ हा जुन्या तटबंदीच्या आतल्यांचा पक्ष आणि लाल-पांढऱ्या वेशातील ‘आव्रेस’ हा बाहेरच्या वस्तीचा. दर सप्टेंबरमध्ये ‘सोनेरी काठी’साठी त्यांची लढत होते आणि युनेस्कोने 2021 मध्ये या परंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. गावातील सेंट लू हे सतराव्या शतकातील जेझुइट चर्च साहित्यप्रेमींना वेगळ्याच कारणाने ठाऊक असते: 1866 च्या मार्च महिन्यात ते पाहत असतानाच फ्रेंच कवी बोदलेअर कोसळला, आणि त्या आजारातून तो पुढे कधीच सावरला नाही.

नामुरहून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे 28 किलोमीटरवर दिनां आहे. कडा आणि नदी यांच्यामध्ये एक-दोन रस्त्यांपुरतीच जागा असल्याने हे गाव रुंदीत वाढू शकले नाही, फक्त लांबत गेले. तरीही मध्ययुगात त्याचे नाव युरोपभर पोहोचले ते पितळेमुळे. हंड्या, तबके, मेणबत्त्यांच्या समया आणि चर्चमधील ग्रंथपीठे यांसाठी दिनांचे कारागीर इतके प्रसिद्ध होते की कोठेही घडवलेल्या अशा धातुकामाला फ्रेंचमध्ये ‘दिनांदरी’ म्हणण्याची पद्धत पडली. हा उद्योग नेमका येथे का वाढला, याचे उत्तर रसायनात आणि भूगोलात आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पण जस्त 907 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे खनिजापासून ते वेगळे करण्यासाठी लागणाऱ्या तापमानाला त्याची वाफ होऊन उडून जाते. राजस्थानातील जावर येथील कारागिरांनी ही वाफ थंड करून जस्त धरण्याची युक्ती मध्ययुगातच साधली होती, युरोपला मात्र ती अठराव्या शतकापर्यंत जमली नाही. म्हणून दिनांचे कारागीर जस्ताचे कॅलमाइन नावाचे खनिज दळून, ते कोळशाच्या पुडीबरोबर आणि तांब्याच्या तुकड्यांबरोबर बंद मुशीत तापवत, म्हणजे जस्ताची वाफ बाहेर न जाता थेट तांब्यात मुरे. कॅलमाइन लिएज आणि आखेनच्या परिसरात मिळे, मुशी व साचे यांसाठी लागणारी उत्तम पांढरी माती आंदेनच्या आसपास होती, तांबे जर्मनीतील हार्झच्या डोंगरांतून येई आणि या सगळ्या जड मालाची ने-आण करायला नदी होतीच.

त्या धातुकलेचा सर्वोत्तम नमुना दिनांमध्ये नाही, तो लिएजच्या सेंट बार्थेलेमी चर्चमध्ये आहे. 1107 ते 1118 या काळात ओतलेले हे पितळी बाप्तिस्माकुंड, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीचे पाणी ठेवण्याचे पात्र, परंपरेने उईच्या रेनिये या कारागिराचे मानले जाते. मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी धातू ओतण्याच्या पद्धतीने ते घडवले आहे, आणि त्याच्या कडेवरील मानवी आकृती इतक्या मोकळ्या व सुडौल आहेत की बाराव्या शतकातील उत्तर युरोपात असे काम झाले यावर विश्वास ठेवणे काही अभ्यासकांना जड गेले. कुंडाखाली मुळात बारा बैल होते, त्यांपैकी दहा उरले आहेत. म्यूजच्या खोऱ्यातील या काळच्या धातुकामाला, मीनाकामाला आणि शिल्पाला कलेतिहासात ‘मोझन कला’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि तेराव्या शतकात ह्यूगो या धर्मबंधूने वान्यी येथील मठासाठी घडवलेली सोन्याचांदीची पात्रे नामुरच्या संग्रहालयात पाहता येतात.

पितळेच्या जोरावर दिनांचे व्यापारी हॅन्सा या उत्तर युरोपीय व्यापारसंघात सामील झाले आणि लंडनमध्ये त्या संघाच्या सवलती उपभोगू लागले. या प्रदेशातील दुसऱ्या कोणत्याही गावाला हा मान मिळाला नव्हता. अशा गावाचा शेजाऱ्याला हेवा वाटणे स्वाभाविक होते. नदीच्या दुसऱ्या काठावर, चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेले बुव्हीन्य हेही पितळेचेच काम करी, पण ते बर्गंडीच्या बाजूचे होते. दोन्ही गावांनी एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी मनोरे उभारले, दिनांने ‘मोंतोर्गेय’ आणि बुव्हीन्यने ‘क्रेव्हकर’. पहिल्या नावात गर्व आहे, तर दुसऱ्यात समोरच्याचे काळीज फोडण्याची भाषा. हे वैर 1460 च्या दशकात टोकाला गेले, कारण बर्गंडीच्या ड्यूकशी लिएजचे युद्ध सुरू असताना दिनांच्या काही लोकांनी बुव्हीन्यच्या तटासमोर जाऊन युवराज शार्लचा पुतळा टांगला आणि त्याच्या जन्माविषयी गलिच्छ आरोप केले. या अपमानाची किंमत सगळ्या गावाने मोजली. 1466 च्या ऑगस्टमध्ये म्हातारा ड्यूक फिलिप आणि शार्ल यांच्या तोफखान्यापुढे दिनां शरण आले, त्यानंतर ते लुटून जाळण्यात आले, आणि समकालीन वृत्तकार फिलिप द कोमीन याच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे 800 कैद्यांना नदीत बुडवून मारले गेले. बुव्हीन्यच्या लोकांनीच तसा आग्रह धरला होता, हेही तो नोंदवतो. जिवंत राहिलेले अनेक पितळकार खोऱ्यातील इतर गावांत आणि फ्लँडर्समध्ये पांगले, आणि गाव पुन्हा उभे राहिले तरी त्या उद्योगाची पूर्वीची भरभराट परतली नाही.

बुव्हीन्यची पाळी 1554 मध्ये आली. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या सैन्याने दोन्ही गावे उद्ध्वस्त केली आणि क्रेव्हकरचा किल्ला तेव्हापासून भग्नावस्थेत आहे. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा तीन स्त्रियांनी त्याच्या बुरुजावरून उडी घेतली अशी कथा सांगितली जाते, तिला आधार कितपत आहे हा प्रश्न वेगळा. आज प्रशासनाच्या दृष्टीने बुव्हीन्य हा दिनांचाच एक भाग आहे. बहुतेक प्रवासी तेथे थांबत नाहीत, वास्तविक चौकातील ‘स्पॅनिश घर’ या सोळाव्या शतकातील वास्तूत असलेले मध्ययुगीन खोऱ्याचे संग्रहालय आणि वरचे अवशेष दिनांच्या गजबजलेल्या धक्क्यापेक्षा या इतिहासाची अधिक चांगली ओळख करून देतात.

दिनांचे जे चित्र पोस्टकार्डांवर असते त्यात पाण्याला लागून नोत्र-दाम चर्च आणि त्याच्या डोक्यावर सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर किल्ला दिसतो. 1227 मध्ये कड्याचा भाग कोसळून जुने चर्च गाडले गेले, आणि त्यानंतर त्याच धोक्याच्या जागी हे गॉथिक चर्च बांधले गेले. त्याचा कांद्यासारखा फुगीर कळस सोळाव्या शतकातील असला तरी 1914 च्या आगीत तो जळाला आणि पुन्हा उभारावा लागला. ते वर्ष या गावाच्या स्मृतीत 1466 पेक्षाही खोल रुतले आहे. 15 ऑगस्ट 1914 रोजी येथील पुलाजवळ जर्मनांशी लढताना शार्ल द गोल नावाचा एक तरुण फ्रेंच लेफ्टनंट जखमी झाला, म्हणून आजच्या पुलाला त्याचे नाव आहे. आणि आठच दिवसांनी, 23 ऑगस्टला, गावकरी लपून गोळ्या झाडत आहेत या संशयाने पछाडलेल्या जर्मन सैन्याने 674 नागरिकांना ठार केले, त्यांत स्त्रिया आणि लहान मुलेही होती. आंदेनमध्येही त्याच आठवड्यात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. नागरिकांच्या गोळीबाराचा आरोप निराधार असल्याचे इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे, आणि जर्मन सरकारच्या प्रतिनिधीने 2001 मध्ये दिनांमध्ये येऊन जाहीर क्षमा मागितली. दुसऱ्या महायुद्धातही नदीने सैन्यांना येथेच आणले: मे 1940 मध्ये जर्मन सेनानी रोमेलच्या तुकड्यांनी याच परिसरात म्यूज ओलांडली, आणि डिसेंबर 1944 मधील जर्मनांची अखेरची मोठी चढाई दिनांपासून थोड्याच अंतरावर, सेल या खेड्याजवळ, नदी गाठण्याआधी थांबली.

इतक्या संहाराच्या गावाची जगातील ओळख एका वाद्याने व्हावी, ही बाब दिनांच्या नगरपालिकेने पुरेपूर वापरली आहे. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स 6 नोव्हेंबर 1814 रोजी येथे जन्मला, म्हणून पुलावर रंगीत सॅक्सोफोनांची रांग उभी आहे. दिनांच्या पितळकामातूनच सॅक्सोफोन निघाला अशी जोडणी मार्गदर्शकांना आवडते, परंतु ती फारशी टिकत नाही, कारण सॅक्स कुटुंब पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सला गेले, तेथे वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यात मुलगा शिकला आणि एकस्वाधिकार त्याने 1846 मध्ये पॅरिसमध्ये मिळवला. पितळेचे असूनही हे वाद्य शास्त्रीय वर्गीकरणात काष्ठवाद्य ठरते, कारण त्याचा ध्वनी वेताच्या पातळ जिभळीच्या कंपनातून निघतो. याच वाद्याने पुढे गोव्याच्या वादकांबरोबर मुंबईचे नृत्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रण कक्ष गाठले. गावाची दुसरी खूण म्हणजे ‘कूक’ हे गव्हाचे पीठ आणि मध एवढ्यापासूनच केलेले, लाकडी साच्यात ठसवलेले बिस्कीट. ते इतके कठीण असते की चावण्याऐवजी तुकडे करून चघळतात किंवा कॉफीत बुडवतात. गावाच्या उत्तर टोकाला 1152 मध्ये स्थापन झालेला लेफ मठ आहे. त्या नावाची बिअर जगभर विकली जाते, पण ती 1952 पासून एका बाहेरच्या उत्पादकाशी केलेल्या करारानुसार बनू लागली आणि आता ल्यूव्हेन शहरात, एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कारखान्यात तयार होते.

दिनांच्या दक्षिणेला फ्रेइरचा वाडा आणि त्याची फ्रेंच धाटणीची बाग नदीला समांतर पसरली आहे. चौदावा लुई आणि स्पेनचा राजा यांच्या प्रतिनिधींनी 1675 मध्ये येथे तह केला, आणि त्या बैठकीत या भागात नवखी असलेली कॉफी दिली गेली म्हणून तो ‘कॉफीचा तह’ म्हणवतो असे सांगतात. लाकडी पेट्यांत लावलेली तेथील संत्र्याची झाडे शतकानुशतके हिवाळ्यात आत आणि उन्हाळ्यात बाहेर नेली जात आहेत. दिनां व नामुर यांच्यामधील आनव्हुआची उद्याने आणखी मजेशीर आहेत: शार्ल-अलेक्सी द मोंपेलिए या लोखंडाच्या भट्ट्यांच्या मालकाने 1758 पासून ती आखली आणि तेथील कारंजी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ वरच्या कालव्यातील पाण्याच्या उतारावर चालतात. पाण्याच्या दाबाचे हे गणित त्याला भट्टीच्या धंद्यातून अवगत असणार, हे उघड आहे.

नामुरहून पूर्वेकडे, आंदेन ओलांडल्यावर, उई लागते. येथील रहिवाशांना बिशप थेओद्वँ याने 1066 मध्ये दिलेली सनद आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वांत जुन्या नागरी सनदांपैकी मानली जाते. ती काही उदारपणाने मिळालेली नव्हती. चर्चच्या बांधकामासाठी बिशपला पैसा हवा होता आणि नागरिकांनी आपल्या जंगम मालमत्तेचा आधी तिसरा आणि पुढे अर्धा हिस्सा मोजून आपले हक्क विकत घेतले. युरोपातील नागरी स्वातंत्र्याच्या इतिहासात हा व्यवहारी भाग अनेकदा सांगायचा राहून जातो. उईची चार आश्चर्ये वालून या स्थानिक बोलीतील नावांनी ओळखली जातात: ‘ली पोंत्या’ म्हणजे पूल, ‘ली रोंद्या’ म्हणजे 1311 मध्ये बांधायला घेतलेल्या गॉथिक चर्चची सुमारे नऊ मीटर व्यासाची वर्तुळाकार रंगीत खिडकी, ‘ली बासिन्या’ म्हणजे चौकातील 1406 चे कारंजे आणि ‘ली चेस्त्या’ म्हणजे किल्ला. यांपैकी किल्ला 1717 मध्येच पाडला गेला. सध्याचा दुर्ग 1818 ते 1823 या काळातील डच बांधकाम आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याचा तुरुंग करून सात हजारांहून अधिक कैदी तेथे ठेवले. विनोदी कादंबरीकार पी. जी. वुडहाउस हाही 1940 मध्ये नजरकैदेतील इंग्रज नागरिकांबरोबर काही आठवडे येथे होता.

उई हे संग्रहालय होऊन बसलेले गाव नाही. नदीकाठी तिआंज येथे अणुवीज केंद्राचे शीतकरण मनोरे 1970 च्या दशकापासून क्षितिजावर आहेत, आणि छायाचित्रकारांनी कितीही टाळले तरी ते चर्चच्या चौकटीत शिरतात. गावामागची ‘उईची भिंत’ ही सव्वा किलोमीटरहून थोडी लांब चढण दर एप्रिलमध्ये ‘फ्लेश वालोन’ या सायकल शर्यतीचा शेवट ठरते. तिचा सरासरी चढ साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असला तरी काही वळणांवर तो त्याच्या दुप्पट होतो. जुन्या काळी हीच वाट सात छोट्या प्रार्थनामंदिरांची यात्रामार्गिका होती आणि ती मंदिरे अजूनही रस्त्याच्या कडेला आहेत. नामुरहून दिनां आणि उई या दोन्ही दिशांना नदीच्या काठाकाठाने रेल्वे जाते, शिवाय पूर्वी घोड्यांनी नावा ओढण्यासाठी असलेल्या वाटांवर आता सायकलमार्ग झाला आहे, त्यामुळे नामुरला मुक्काम ठेवून हे संपूर्ण खोरे तीन दिवसांत आरामात पाहता येते.